जातकातला राजा आणि पुराणातला राजा: एका नावाचा माग कसा काढावा

मांधाता, शिबी, निमी, जनक, इक्ष्वाकू ही नावे आपल्याला पुराणांतून, कीर्तनांतून ठाऊक असतात. जातके, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या कथा, वाचायला घेतली की तीच नावे पुन्हा भेटतात. बाप मात्र वेगळा असतो, राजधानी वेगळी असते, कधी कथेचा शेवटच उलटा असतो. नवा वाचक इथे अडखळतो आणि दोनपैकी एक वाट धरतो. एक तर ‘यांनी त्यांच्याकडून घेतले’ असा निकाल देऊन मोकळा होतो, नाहीतर सगळ्या कथा एकमेकींत मिसळून एक सलग ‘चरित्र’ रचतो. दोन्ही वाटांनी कथेतले सर्वांत मोलाचे हातचे जाते. तोच प्रसंग एका परंपरेत पुण्याचे फळ म्हणून येतो आणि दुसरीत पतनाची सुरुवात म्हणून. हे दिसायला हवे असेल तर प्रत्येक ग्रंथाचे म्हणणे वेगळे टिपून शेजारी शेजारी मांडावे लागते. ते कसे करायचे, ते इथे पायरीपायरीने दिले आहे. मुख्य उदाहरण मांधात्याचे आहे, कारण त्याची सामग्री भरपूर आहे आणि एक धागा थेट मावळातल्या भाजे लेण्यापर्यंत येतो.

शाळेत शिकलेले संस्कृत पुरते. पाली येत नसेल तरी अडत नाही. भाषांतर शेजारी ठेवले तर देवनागरीतली पाली गाथा मराठी माणसाला बरीचशी उमगते.

लागणारे साहित्य

- पाली तिपिटक (बौद्धांचे मूळ धर्मग्रंथ) आणि अट्ठकथा (त्यांवरची भाष्ये). इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठसंगायन, म्हणजे सहाव्या धम्मसंगीतीत ठरलेला, पाठ देवनागरीत काढला आहे. तो संगणकावर मोफत मिळतो आणि त्यात शब्द शोधता येतो.
- जातकांचे भाषांतर. मराठीत दुर्गा भागवतांचे ‘सिद्धार्थ जातक’, हिंदीत भदंत आनंद कौसल्यायन यांचे सहा खंड.
- दिव्यावदान, बौद्ध संस्कृतातला कथासंग्रह. कॉवेल आणि नील यांची १८८६ ची आवृत्ती किंवा प. ल. वैद्यांनी संपादित केलेली १९५९ ची दरभंग्याची. दुसरी देवनागरीत असल्याने आपल्याला सोयीची.
- महाभारताची भांडारकर संस्थेची चिकित्सक (अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेली) आवृत्ती आणि तिच्याबरोबर एखादी प्रचलित प्रत. दोन्ही का हव्यात ते पायरी ४ मध्ये येईल.
- दोन कोश. पुराणांच्या बाजूला सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा प्राचीन चरित्रकोश, पालीच्या बाजूला मलालसेकर यांचा पाली विशेषनामांचा कोश.
- एक वही किंवा संगणकावरचा तक्ता. प्रत्येक ग्रंथासाठी एक ओळ आणि आठ रकाने: ग्रंथ व आवृत्ती, नेमके स्थान, नावाचे रूप, बाप, राजधानी, मुख्य प्रसंग, शेवट, आणि ‘ही कथा कोण कोणाला कशासाठी सांगतो’.

शेवटचा रकाना लोक गाळतात. तो गाळला तर बाकीच्या सातांचा अर्थ लागत नाही.

## १. नावाची सगळी रूपे आधी लिहून काढा

शोध घेण्यापूर्वी एका कागदावर पाली, बौद्ध संस्कृत आणि पौराणिक संस्कृत अशी तिन्ही रूपे लिहा. इक्ष्वाकू पालीत ‘ओक्काक’ होतो, शिबी ‘सिवि’, विश्वंतर ‘वेस्संतर’, कराल जनक ‘कळारजनक’, उदयन ‘उदेन’. मांधात्याचे पाली मूळ रूप ‘मन्धातु’ असून प्रथमेत ते ‘मन्धाता’ होते. दिव्यावदानात त्याला ‘मूर्धात’ असेही म्हटले आहे. तेव्हा ‘मांधाता’ एवढेच शोधले तर निम्मी सामग्री हुकते. जोडाक्षर की अनुस्वार, हाही प्रश्न आहे. छट्ठसंगायन पाठात ‘मन्धा’ लिहावे लागते, ‘मांधा’ लिहून काहीच सापडत नाही. नावाचा पहिला न बदलणारा तुकडा शोधा, विभक्तीचे रूप शोधू नका.

दुसरा सापळा उलट बाजूचा आहे. नाव एक आणि माणसे अनेक. ‘जनक’ हे मिथिलेच्या अनेक राजांचे नाव आहे. ब्रह्मदत्त हे जातकांत वाराणसीच्या राजाचे जवळजवळ ठरलेले नाव आहे, त्यामुळे ‘ब्रह्मदत्ताचे चरित्र’ लिहायला बसू नका. सुरुवातीला ज्याचे नाव दुर्मीळ आहे असा राजा निवडावा.

## २. पालीत गाथा आणि गद्य वेगळे ठेवा

नवा वाचक तिपिटकात ‘जातकपाळि’ उघडतो, मांधात्याचे जातक काढतो आणि तिथे तीन गाथांपलीकडे काही नसते. पान चुकलेले नाही. सुत्तपिटकातल्या जातकग्रंथात फक्त गाथा आहेत. गोष्ट सांगणारे गद्य अट्ठकथेत आहे. ते बऱ्याच नंतरचे, साधारण इसवी सनाच्या पाचव्या शतकातले धरतात. म्हणून टिपणात दोन ओळी करा, एक गाथांची आणि एक गद्याची. ‘जातकात असे म्हटले आहे’ एवढे लिहिले तर सहा-सात शतकांचे अंतर त्या एका वाक्यात पुसले जाते.

जातकांची मांडणी विषयावर नसून गाथांच्या संख्येवर आहे. एकूण ५४७ जातके २२ निपातांत, म्हणजे गटांत, लावली आहेत. मांधाता तिकनिपातात, म्हणजे तीन गाथांच्या गटात. त्याचा सलग क्रमांक २५८, आणि छट्ठसंगायनात त्यापुढे (३-१-८) असे दिसेल: तिसरा निपात, पहिला वग्ग, आठवे जातक. जुन्या पुस्तकांत ‘जातक २.३१०’ असा संदर्भ आला तर तो जातकाचा क्रमांक समजू नका. ते फाउसबॉलच्या आवृत्तीच्या (१८७७–१८९६) दुसऱ्या खंडातले पान आहे.

आता गद्यातली कथा टिपा. कथा जेतवनात सुरू होते. नटलेली स्त्री पाहून मन उडालेल्या एका भिक्खूला बुद्ध ती सांगतात. महासंमत, रोज, वररोज, कल्याण, वरकल्याण, उपोसथ आणि मग मांधाता अशी वंशावळ आहे. चौऱ्याऐंशी हजार वर्षे तो बाळपणात, तेवढीच युवराजपदी आणि तेवढीच चक्रवर्ती म्हणून घालवतो. डाव्या हातावर उजवा हात मारला की गुडघाभर सात रत्नांचा पाऊस पडतो. तरी मन भरत नाही. तो चातुम्महाराजिक देवलोकात जातो, तिथून त्याच्या वरच्या तावतिंस देवलोकात. सक्क, म्हणजे इंद्र, त्याला देवराज्याचा अर्धा वाटा देतो. छत्तीस इंद्र येऊन जातात, मांधाता आहे तिथेच आहे. मग त्याच्या मनात येते की या सक्काला मारून सगळेच राज्य घ्यावे. त्या तृष्णेने त्याचे आयुष्य झिजते, माणसाचे शरीर देवलोकात पडत नाही म्हणून तो खाली आपल्या उद्यानात येतो आणि अतृप्तच मरतो. शेवटच्या समोधानात, म्हणजे कथेतले कोण आज कोण आहे ते सांगणाऱ्या भागात, बुद्ध सांगतात की तो मांधाता मीच होतो.

समोधान नेहमी वाचा. राजा चुकलेला आहे आणि तरी तो बोधिसत्त्वाचाच पूर्वजन्म आहे, हे तिथेच कळते. तेवढ्याने मांधात्याला ‘खलनायक’ म्हणण्याचा मोह सुटतो.

तिन्ही गाथांपैकी ‘न कहापणवस्सेन तित्ति कामेसु विज्जति’ (नाण्यांच्या पावसानेही वासना तृप्त होत नाहीत) ही आणि तिच्या पुढची, अशा दोन धम्मपदातही आहेत (१८६–१८७). थेरीगाथेत, म्हणजे भिक्खुणींच्या गाथांच्या संग्रहात, सुमेधा थेरी मांधात्याचे नाव घेऊन तेच म्हणते: ‘अतित्तो कालङ्कतो, न चस्स परिपूरिता इच्छा’. तो तृप्त न होताच गेला, त्याची इच्छा पुरी झाली नाही. मिलिंदपञ्हात, म्हणजे मिलिंद राजा आणि नागसेन भिक्खू यांच्या संवादात, मनुष्यदेहाने स्वर्गात गेलेले चौघे सांगितले आहेत: गुत्तिल, साधीन, निमी आणि मांधाता. ही टिपणे छोटी असतात, पण राजाचे नाव परंपरेत कशासाठी घेतले जाई ते यांतूनच कळते.

## ३. बौद्ध संस्कृत ग्रंथांना पालीची नक्कल समजू नका

दिव्यावदानातले सतरावे अवदान मांधात्याचे आहे. पालीतली कथा माहीत असली म्हणून हे वरवर चाळू नये. इथे कथा सांगण्याचा प्रसंगच वेगळा आहे: वैशाली, चापाल चैत्य, बुद्धांचा परिनिर्वाणाचा निर्णय. बाप तोच, उपोषध. जन्म मात्र त्याच्या डोक्यावर आलेल्या गळवातून होतो, म्हणून ‘मूर्धात’. अंतःपुरातल्या स्त्रियांना पान्हा फुटतो आणि प्रत्येकजण ‘मां धय’, मला पी, असे म्हणते, म्हणून ‘मांधाता’. सोन्याचा पाऊस अंतःपुरात सात दिवस पडतो. दिवौकस नावाचा यक्ष एकेका द्वीपाची वाट दाखवतो. स्वर्गात इंद्र अर्धे आसन देतो आणि दोघे शेजारी बसले की फरक एकच उरतो: इंद्राच्या पापण्या लवत नाहीत.

अश्वघोषाच्या बुद्धचरितात (१.१०) सिद्धार्थाचा जन्म सांगताना ऊरूतून, हातातून, काखेतून जन्मलेल्यांची यादी येते. त्यात ‘मान्धातुरिन्द्रप्रतिमस्य मूर्ध्नः’ आहे, म्हणजे मांधाता डोक्यातून. अश्वघोषाला महाकाव्यांची परंपरा पाठ होती, तरी इथे त्याने बौद्ध रूप घेतले. पुढे ११.१३ मध्ये सिद्धार्थ बिंबिसाराला सांगतो की सोन्याचा पाऊस पडला, चारी द्वीपे जिंकली, शक्राचे अर्धासन मिळाले, तरी मांधात्याला विषयांची तृप्ती झाली नाही. लगेच पुढच्या श्लोकांत नहुष येतो. बौद्ध कवी पुराणांतले राजे कसे वापरतो ते पाहायला अकरावा सर्ग सलग वाचावा. बुद्धचरिताचे अठ्ठावीस सर्ग तिबेटी आणि चिनी भाषांतरांत आहेत, संस्कृतात साधारण पहिले चौदाच उरले आहेत. पंधराव्याच्या पुढचा ‘मूळ श्लोक’ कोणी दिला तर तो कुठून आला ते विचारा.

## ४. महाभारत, रामायण आणि पुराणे: आधी आवृत्ती, मग अध्याय

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. प्रचलित प्रतींतले अध्यायांचे आकडे आणि चिकित्सक आवृत्तीतले आकडे अनेक ठिकाणी जुळत नाहीत. कधी आख्खे प्रकरणच जागा सोडते. सोळा राजांचे आख्यान, ज्यात मांधाता, शिबी, भगीरथ, ययाती, रंतिदेव आहेत, प्रचलित प्रतींत द्रोणपर्वात अभिमन्यूच्या मृत्यूनंतर आणि पुन्हा शांतिपर्वात असे दोनदा येते. चिकित्सक आवृत्तीने द्रोणपर्वातले परिशिष्टात टाकले आणि शांतिपर्वातले (अध्याय २९) संहितेत ठेवले. तेव्हा ‘द्रोणपर्व, अमुक अध्याय’ असा संदर्भ पाहून चिकित्सक आवृत्ती उघडली आणि मजकूर दिसला नाही, तर परिशिष्ट चाळा. चरित्रकोशाच्या १९३२ च्या मराठी आवृत्तीतले संदर्भही चिकित्सक आवृत्तीच्या आधीच्या प्रतींचे आहेत. कोशातला आकडा जसाच्या तसा उतरवू नका, मूळ पान उघडून पाहा.

मांधात्याची जन्मकथा वनपर्वात अध्याय १२६ मध्ये आहे. निपुत्रिक राजा युवनाश्व रात्री तहानेने व्याकूळ होऊन ऋषींच्या आश्रमात शिरतो आणि राणीसाठी मंतरून ठेवलेल्या कलशातले पाणी पितो. गर्भ त्यालाच राहतो. शंभर वर्षांनी त्याची डावी कूस फोडून मुलगा बाहेर येतो. आई नाही, मग हा पिणार काय? इंद्र त्याच्या तोंडात तर्जनी देतो आणि म्हणतो, ‘मामयं धास्यति’, हा मला पिईल. पुढे यज्ञ आणि दाने करून हा राजा इंद्राचे अर्धासन मिळवतो.

भागवतात (९.६) तीच कथा आहे, पण कूस उजवी. असले बारकावे टिपा. एखाद्या शिल्पाचे किंवा नंतरच्या काव्याचे मूळ कोणते ते ठरवताना डावे-उजवेच कामाला येते. भागवतात इंद्र त्याला त्रसद्दस्यू असेही नाव देतो. बिंदुमतीपासून झालेले पुरुकुत्स, अंबरीष आणि मुचुकुंद हे पुत्र, आणि सौभरी ऋषीला वरणाऱ्या पन्नास मुली असा परिवारही तिथे आहे.

रामायणाच्या उत्तरकांडात मांधात्याचा शेवट येतो. तो पृथ्वी जिंकून इंद्राचे अर्धे आसन आणि अर्धे राज्य घ्यायला निघतो. इंद्र त्याला म्हणतो, अजून सगळी पृथ्वी तरी कुठे तुझ्या ताब्यात आहे, मधुवनातला लवण राक्षस तुला मानत नाही. मांधाता लवणावर चालून जातो आणि लवणाच्या शूलाने सैन्यासह भस्म होतो.

ऋग्वेद शेवटी पाहा. तिथे मांधात्याचे नाव येते, आणि १०.१३४ या सूक्ताचा द्रष्टा म्हणून अनुक्रमणी (सूक्तांच्या ऋषींची सूची) मांधाता यौवनाश्व सांगते. युवनाश्वाच्या कुशीची किंवा स्वर्गारोहणाची गोष्ट ऋग्वेदात नाही. ‘वेदात मांधात्याची कथा आहे’ असे सर्रास लिहिले जाते, ते चूक.

## ५. आता टिपणे शेजारी मांडा आणि एकच प्रसंग पकडा

आठही रकाने भरले की सगळे एकदम तुलनेला घेऊ नका. सर्व ओळींत येणारा एक प्रसंग निवडा. मांधात्यासाठी तो अर्धासनाचा आहे.

वनपर्वात अर्धासन हे यज्ञांचे आणि धर्माचे फळ आहे. मिळाले, कथा पूर्ण झाली. उत्तरकांडात ते न मिळालेले आहे, त्याचा हव्यास राजाला लवणाच्या दारात नेतो. पाली गद्यात ते अर्ध्या राज्याच्या रूपाने मिळते आणि तिथूनच घसरण लागते, कारण अर्धे मिळाल्यावर पुरे हवे होते. दिव्यावदानात इंद्राची आणि त्याची बरोबरी पापण्यांपर्यंत येऊन ठेपते, मग ‘आपणच एकटे का नसावे’ हा विचार. बुद्धचरितात तोच प्रसंग एका ओळीत, राज्य नाकारणाऱ्या तरुणाच्या तोंडी युक्तिवाद म्हणून येतो.

इतके मांडल्यावर ‘मूळ कोणाचे’ हा प्रश्न लांब ठेवता येतो. राजा इंद्राच्या शेजारी बसला, ही आठवण सगळ्यांची आहे. यज्ञ करणाऱ्यांच्या परंपरेने ती गौरवासाठी वापरली, भिक्खूंच्या परंपरेने तृष्णेचा धडा म्हणून. रामायणातल्या रूपात हव्यासाची बाजू आधीच दिसते, त्यामुळे ‘ब्राह्मणी विरुद्ध बौद्ध’ अशी सरळ रेघ ओढता येत नाही. अशी रेघ ओढावीशी वाटली की तिच्या विरुद्ध जाणारी निदान एक ओळ तक्त्यात आहे का ते पाहा. बहुतेक वेळा असते.

शिबीच्या बाबतीत हे फार ठळक आहे. लोक म्हणतात, कबुतरासाठी मांस देणारा शिबी महाभारतातला आणि डोळे देणारा शिबी जातकातला. अर्धे खरे आहे. पाली सिविजातकात (४९९) आणि आर्यशूराच्या जातकमालेत (दुसरे जातक) तो आंधळ्या ब्राह्मणाच्या वेशातल्या इंद्राला डोळे देतो. पण वनपर्वात (१३०–१३१) ससाणा आणि कबुतर येतात ते शिबीच्या बापाकडे, उशीनराकडे. त्याच पर्वात प्रचलित प्रतींत पुढे शिबीच्या नावानेही ती कथा येते. कबुतराची गोष्ट बौद्धांकडेही आहे: अजिंठ्याच्या लेणे १ मध्ये ती तराजूसह रंगवली आहे, तर डोळ्यांचे दान लेणे १७ मध्ये. इसवी सन ३९९ मध्ये चीनहून निघालेल्या फाहियानने स्वात आणि गांधार भागात दोन्ही दानांची वेगवेगळी ठिकाणे नोंदवली. रामायणात कैकेयी दशरथाला वचनाची आठवण देताना मांस देणाऱ्या शैब्याचे (शिबिराजाचे) उदाहरण देते आणि त्याच श्लोकात डोळे देणाऱ्या राजाचेही, पण तो राजा अलर्क आहे! दान फिरत राहते आणि नवा दाता शोधते. हे टिपण्यासाठी तक्त्यात ‘कोणाचे दान’ असा नववा रकाना जोडा.

## ६. फिरणारा श्लोक पकडा

कथा बदलतात, पण एखादी ओळ तशीच राहते. म्हणून गाथांचे नुसते तात्पर्य न लिहिता शब्द उतरवून घ्या. मांधात्याच्या जातकातली पहिली गाथा सांगते की चंद्रसूर्य जिथवर फिरतात आणि दिशा उजळतात तिथवरचे सगळे प्राणी ‘दासा मन्धातु’. महाभारतात आणि विष्णुपुराणात सूर्य उगवतो तिथपासून मावळतो तिथवर ‘सर्वं तद्यौवनाश्वस्य मान्धातुः क्षेत्रमुच्यते’, ते सगळे युवनाश्वपुत्र मांधात्याचे क्षेत्र. गद्य कथांत बाप वेगळा, जन्म वेगळा, आणि ही स्तुती मात्र एकाच साच्यातली. गद्यापेक्षा गाथा जुनी, हे इथे हाताला लागते.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण मिथिलेचे आहे. शांतिपर्वात (अध्याय १७) जनकाचे वचन म्हणून येते: ‘मिथिलायां प्रदीप्तायां न मे दह्यति किंचन’. मिथिला पेटली तरी माझे काही जळत नाही. महाजनक जातकात (५३९) राज्य सोडून निघालेला महाजनक राणीला पालीत हेच म्हणतो. जैनांच्या उत्तराध्ययन सूत्राच्या नवव्या अध्यायात नमी राजर्षी ब्राह्मणवेशातल्या इंद्राला अर्धमागधीत हेच म्हणतो. तीन परंपरा, तीन भाषा, एक नगर, एक ओळ. तेव्हा बौद्ध आणि वैदिक अशी दोनच दालने ठेवू नका. जैन आगमांसाठी पहिल्यापासून एक ओळ राखून ठेवा.

## ७. दगडावरचा आणि भिंतीवरचा पुरावा

शिल्पाला नाव चिकटवण्यापूर्वी खूण शोधा. चक्र, हत्ती, घोडा, मणी, स्त्री, गृहपती आणि परिणायक (सल्लागार) ही सात रत्ने दिसली म्हणजे राजा चक्रवर्ती आहे एवढेच ठरते. तो महासुदस्सन हा दुसरा चक्रवर्तीही असू शकतो. मांधात्याची खास खूण म्हणजे वरून पडणारा धनाचा पाऊस. आंध्रातल्या जग्गय्यपेटा स्तूपावरच्या शिल्पात राजाने हात वर केला आहे आणि ढगांतून चौकोनी नाणी पडत आहेत. ते चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात आहे आणि अनेक अभ्यासक त्यात मांधाता पाहतात. जावा बेटावरच्या बोरोबुदुरला पहिल्या सज्जात मुख्य भिंतीच्या खालच्या रांगेत ३१ ते ५० ही वीस शिल्पे याच कथेची आहेत. दिव्यावदानाचे टिपण हातात ठेवून ती ओळीने वाचता येतात.

भाज्याच्या लेणे १९ मध्ये, विहाराच्या ओसरीत दोन शिल्पे आहेत. एक चार घोड्यांच्या रथातले, दुसरे हत्तीवरचे. सर्वसाधारणपणे त्यांना सूर्य आणि इंद्र म्हणतात. बुद्धचरिताचे संपादक ई. एच. जॉन्स्टन यांनी मात्र ती मांधात्याच्या कथेतली मानली. मळवली स्थानकावरून जाऊन पाहण्याजोगी जागा आहे. तिथे टिपणात दोन्ही ओळखी लिहा, आणि कोणती खूण कोणत्या बाजूने आहे ते नोंदवा. नाव कोरलेले नसताना एकच ओळख ठामपणे लिहू नये. भारहूतची गोष्ट वेगळी. तिथे अनेक शिल्पांवर ब्राह्मी अक्षरांत जातकाचे नावच कोरले आहे, त्यात पहिला पांढरा केस पाहून राज्य सोडणाऱ्या मखादेवाचे ‘मघादेविय जातक’ही आहे.

## ८. वंशावळ आणि काळ: इथे हात आवरा

पाली वंशावळीत मांधाता महासंमतापासून सातवा, आणि ओक्काक त्याच्या कितीतरी पिढ्या नंतर येतो. पुराणांत इक्ष्वाकू हा मांधात्याचा पूर्वज. एक वंशावळ दुसरीत बसवायचा प्रयत्न केला की कोणाला तरी दोनदा जन्माला घालावे लागते. दोन स्वतंत्र तक्ते करा आणि त्यांच्यामध्ये बाण काढू नका.

चौऱ्याऐंशी हजार वर्षांचे भागाकार करून इसवी सनपूर्व वर्ष काढणेही सोडा. ८४,००० हा पालीतला ठरलेला मोठा आकडा आहे. मखादेव सुत्तात (मज्झिम निकाय ८३) राज्य सोडणाऱ्या राजांची परंपराही ८४,००० चीच आहे. काळ लिहायचाच तर ग्रंथाचा किंवा शिल्पाचा लिहा, राजाचा नको.

## ९. पुढचे राजे कोणत्या क्रमाने घ्यावेत

मांधाता झाला की दंडक घ्या, कारण त्याचे अरण्य आपल्या पायाखालचे आहे. उत्तरकांडात इक्ष्वाकूचा मुलगा दंड शुक्राचार्यांच्या कन्येवर, अरजेवर, अत्याचार करतो आणि धुळीच्या पावसाने त्याचे राज्य रान होते. सरभंग जातकात (५२२) कुंभवतीचा दंडकी राजा किसवच्छ तापसाचा अपमान करतो. सरभंगाचा आश्रम तिथे गोदावरीच्या काठी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात (१.६) दांडक्य भोज ब्राह्मणकन्येच्या लोभाने बुडतो आणि त्याच वाक्यात कराल वैदेहाचेही नाव येते. मज्झिम निकायातल्या उपालि सुत्तात ऋषींच्या कोपाने ओसाड झालेल्या अरण्यांत दंडकारण्य पहिले आहे. चार ग्रंथ, तीन नावे, गुन्हे निरनिराळे आणि जागा एक.

मग कराल जनक. मखादेव सुत्तात तो राज्य सोडण्याची परंपरा मोडणारा शेवटचा राजा, अर्थशास्त्रात आणि बुद्धचरितात (४.८०) ब्राह्मणकन्येपायी बुडालेला, शांतिपर्वात मात्र वसिष्ठांना तत्त्वज्ञान विचारणारा जिज्ञासू. इथे एकच नाव आहे की एकच माणूस, हा प्रश्न खरोखर अवघड आहे.

उपरिचर वसू थोडा सराव झाल्यावर घ्या. चेतिय जातकात (४२२) चेदीचा राजा आकाशातून चालतो, जगातले पहिले खोटे बोलतो आणि प्रत्येक खोट्यासरशी जमिनीत खोल जातो. शांतिपर्वातल्या नारायणीय आख्यानात आकाशगामी वसू यज्ञात धान्य की बोकड या वादात देवांची बाजू घेऊन खोटा निवाडा देतो आणि जमिनीच्या पोटात पडतो.

इक्ष्वाकू शेवटी ठेवा. ओक्काकाची कथा दीघ निकायातल्या अंबट्ठ सुत्तात शाक्यांच्या उत्पत्तीशी जोडलेली आहे, महावस्तू या बौद्ध संस्कृत ग्रंथात तिचे आणखी एक रूप आहे, आणि विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशात इक्ष्वाकुवंशाच्या यादीत शाक्य, शुद्धोदन, राहुल आणि प्रसेनजित हे बापलेकांसारखे एकाखाली एक बसवले आहेत. प्रसेनजित हा कोसलचा राजा आणि राहुल हा बुद्धांचा मुलगा, हे पाली ग्रंथांतून माहीत असलेल्या वाचकाला ती यादी तिथेच थांबवते. आधीच्या राजांची टिपणे नीट भरलेली असतील तर या ठिकाणी काय झाले असावे, यावर तुम्हाला स्वतःचे मत मांडता येईल.